राज्याबाहेर गेलेल्या मधमाश्या

आमचं ऑफिस सकाळी सातला उघडतं. खालच्या मजल्यावर चादरींचं दुकान आहे, ते दहा वाजल्याशिवाय शटर वर करत नाही, त्यामुळे सकाळी त्या जिन्यात फक्त आमच्याच चपला वाजतात. मी पूर्वी एका क्लासमध्ये अकाउंट्स शिकवायचे. तो क्लास बंद झाला आणि एका मैत्रिणीनं मला इथं आणलं. काम ऐकून मी आधी हसलेच होते. अमेरिकेतल्या एका छोट्या हिशेबनीस कार्यालयाच्या अशिलांची करविवरणपत्रं सोलापुरात बसून तयार करायची. आम्ही तयार करतो, तिथले साहेब तपासतात, अशील सही करतो. त्यातही माझ्या वाट्याला येतात ती राज्यांची विवरणपत्रं, आणि तीही घर एका राज्यात ठेवून दुसऱ्या राज्यात कामाला गेलेल्या लोकांची.

आपल्याकडे आयकर एकच, दिल्लीचा. माणूस सोलापुरात कमवो नाहीतर हैदराबादेत, विवरणपत्र एकच. फार तर पगारातून व्यवसाय कर कापला जातो, तो त्या त्या राज्याचा. पण तो कापला गेलाय याची कुणाला आठवणही राहत नाही. तिकडे मात्र देशाचा आयकर वेगळा आणि बहुतेक राज्यांचा आपापला वेगळा. हे मी पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा नवरा जेवत होता. तो अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. त्यानं विचारलं, म्हणजे मी काही महिने विजापूरला जाऊन मागावर काम केलं, तर? मी म्हटलं, तर तेवढ्या महिन्यांच्या कमाईचं विवरण आधी कर्नाटकाला द्यायचं. मग महाराष्ट्राला सगळ्या वर्षाचं द्यायचं, त्यात विजापूरची कमाईसुद्धा आली. एकाच कमाईवर दोनदा कर बसू नये म्हणून कर्नाटकात जो भरला असेल त्याची सूट महाराष्ट्र देणार. त्यानं हातातला घास संपवला आणि म्हणाला, "घर हितं हाय म्हणून सगळा हिशोब हितं. आन् काम तितं केलं म्हणून तितं बी. चुकीचं न्हाय की त्यात काय."

मलाही ते चुकीचं वाटलं नाही. उलट मला त्यात काहीतरी फार मोठं दिसायला लागलं. माणूस ज्या जमिनीवर उभा राहून कमावतो त्या जमिनीला ते माहीत असतं, असंच जणू तो नियम म्हणत होता. वादळ गेलं की तुटलेल्या विजेच्या तारा जोडत राज्याराज्यांतून फिरणारा एक वायरमन माझ्याकडे असायचा. हॉस्पिटलं बदलत फिरणारी एक नर्स असायची. त्यांची विवरणपत्रं करताना मी शेजारी नकाशा उघडून ठेवायचे. तसं करायची काही गरज नव्हती. पण माणसं कुठून कुठं जातात हे बघितल्याशिवाय मला राहवत नसे.

अशातच एका फेब्रुवारीत माझ्याकडे एका सत्तरीच्या पुढच्या बाईंचं काम आलं. त्या कोण हे मी लिहिणार नाही, आणि ओळख पटेल असं काहीही इथं नाही. घर मोंटाना राज्यात, म्हणजे पार उत्तरेला, जिथं हिवाळाभर बर्फ असतो. त्यांचे पती वर्षाच्या सुरुवातीलाच वारले होते. तिथं अशी सोय आहे की ज्या वर्षी जोडीदार जातो त्या वर्षाचं विवरणपत्र दोघांच्या नावानं भरता येतं, तसं ते दोघांच्या नावानं भरायचं होतं. त्यात एक रक्कम कॅलिफोर्नियातून आलेली होती आणि तिच्यापुढं एवढंच लिहिलं होतं: भाडं.

भाडं म्हटलं की आपण घर समजतो, गाळा समजतो. कॅलिफोर्नियात यांची इमारत असेल तर तिचे कागद यायला हवे होते, ते नव्हते. मी तिथल्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, इतकी वर्षं सगळं त्यांचे पती बघायचे, तुम्हीच बाईंशी बोला. आमचं काम सोलापुरातून चालतं हे बाईंना माहीत होतं, तशी परवानगी त्यांनी सही करून दिलेली होती.

सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्या मी फोन लावला. त्यांच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. मी माझं जपून जुळवलेलं इंग्रजी सुरू केलं आणि विचारलं, हे भाडं कुठल्या इमारतीचं आहे?

त्या बराच वेळ हसत होत्या. मग म्हणाल्या, "इमारत नाही गं. माझ्या मधमाश्यांचं भाडं आहे ते."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं आणि मग समजावून सांगितलं. कॅलिफोर्नियात बदामाच्या फार मोठ्या बागा आहेत. फेब्रुवारीत बदाम फुलतो. एका झाडाच्या फुलातला पराग दुसऱ्या झाडाच्या फुलावर नेल्याशिवाय बदाम धरत नाही, आणि ते काम मधमाश्याच करतात. एवढ्या बागांना पुरतील इतक्या माश्या तिथं राहत नाहीत. म्हणून देशाच्या कानाकोपऱ्यातून मधमाश्या पाळणारे लोक आपल्या पेट्या लॉरीत भरून तिथं नेतात. फूल संपेपर्यंत पेट्या बागेत राहतात, बागवाला भाडं देतो, आणि पेट्या परत आपापल्या मार्गानं जातात. त्या दोघांनी सगळं आयुष्य हेच केलं होतं.

माझ्यापुढं स्क्रीनवर एक रकाना होता. त्यात भरायचं होतं की हे काम कोणत्या राज्यात झालं. मी विचारलं, म्हणजे काम कॅलिफोर्नियात झालं असं लिहू?

त्या म्हणाल्या, "काम तिथंच झालं. पण ते मी केलं असं लिहायला नको. मी नुसती त्यांच्या मागनं गाडी चालवत गेले."

फोन ठेवून मी नकाशा उघडला. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं विचारलं, ताई, काय झालं? मी तिला सांगितलं की माझ्याकडे मधमाश्या आल्यात, त्या राज्याबाहेर कामाला गेल्या होत्या आणि मला त्यांचं विवरणपत्र भरायचंय. तिला ती गंमत वाटली. मी नकाशात मोंटानापासून कॅलिफोर्नियाच्या त्या खोऱ्यापर्यंत बोट फिरवलं. आपण सोलापुरातून निघून हरिद्वार गाठावं एवढं ते अंतर होतं, आणि मध्ये बर्फाचे डोंगर.

पुढच्या पंधरवड्यात आमचं बऱ्याचदा बोलणं झालं. मधमाश्या पाळणं तिथं शेतीतच धरतात, म्हणून विवरणपत्र मार्च उजाडायच्या आत द्यायचं होतं, आणि पतीनं सांभाळलेल्या गोष्टी बाईंना एकेक आठवून सांगाव्या लागत होत्या. कामाचं बोलणं संपलं की त्या थोडं इकडचं तिकडचं बोलत. मीही फोन ठेवायची घाई करत नसे. मला हळूहळू कळलं की त्या माझ्याशी कॅलिफोर्नियातूनच बोलत होत्या. ज्या वर्षाचा हिशेब आम्ही करत होतो ते वर्ष सरलं होतं, नवा फेब्रुवारी लागला होता आणि त्या पुन्हा पेट्या घेऊन बागेत आल्या होत्या. संध्याकाळी माश्या पेटीत परतल्या की त्या बांधावर गाडीत बसून माझा फोन घेत.

एकदा मी त्यांना विचारलं की पती गेले त्याच वर्षी त्या एकट्या कशा निघाल्या. त्यांनी जे सांगितलं ते मी त्या दिवशी घरी येऊन नवऱ्याला जसंच्या तसं सांगितलं होतं, म्हणून अजून लक्षात आहे.

पती जानेवारीत गेले. बदामवाल्याशी बोलणी त्यांनीच आधी करून ठेवली होती. मुलगा म्हणाला, पेट्या विकून टाकू. बाईंनाही तसंच वाटत होतं. पण विकायच्या तरी पेट्या उघडून बघायला हव्यात म्हणून त्या बर्फातून चालत पेट्यांपाशी गेल्या. कडाक्याच्या थंडीत मधमाश्या पेटीच्या आत एकमेकींना चिकटून चेंडूसारखा गोळा करतात. राणीमाशी मध्ये असते. बाकीच्या अंग थरथरवून ऊब तयार करतात, बाहेरच्या आत जातात, आतल्या बाहेर येतात, आणि असा अख्खा हिवाळा काढतात. बाईंनी लाकडाला कान लावला तर आतून तो बारीक आवाज येत होता. त्यांनी मुलाला सांगितलं, मी जाऊन येते, विकायचं आल्यावर बघू.

लॉरी भाड्याची, ड्रायव्हर ओळखीचा. पेट्यांवर जाळी टाकलेली. बाई मागं आपल्या छोट्या गाडीत. डोंगरातल्या घाटात बर्फ पडून रस्ता बंद झाला आणि गाड्यांची रांग लागली. रस्ता कधी उघडणार हे कुणाला माहीत नव्हतं. पती असते तर ते काय करायचं हे सांगत बसले असते, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांना त्या रांगेत पहिल्यांदा भीती वाटली. ऊन तापलं आणि लॉरी थांबलेली असली तर माश्या बाहेर पडून हरवतात. थंडीत तेवढं भय नसतं. पण आत सगळं ठीक आहे ना हे कळायला मार्ग नव्हता. त्या उतरल्या, जाळीतून हात घालून एका पेटीला हात टेकवला, मग कान लावला. मागच्या ट्रकवाल्यानं खाली उतरून विचारलं, काय ऐकताय? त्या म्हणाल्या, तूही ऐक. तो माणूस आयुष्यात कधी मधमाशीच्या जवळ गेला नव्हता. त्यानं टोपी काढून कान लावला आणि तसाच उभा राहिला. मग त्याच्या मागचा एक जण आला. रस्ता उघडेपर्यंत लोक एकेक करून लॉरीपाशी येत होते, कान लावून ऐकत होते आणि परत आपल्या गाडीत जाऊन बसत होते.

"आणि मग घाट उतरलो," बाई म्हणाल्या, "तर खाली सगळं पांढरं. मला वाटलं इथंही बर्फच पडलाय. तो बदाम होता."

मी स्क्रीनवरचा कॅलिफोर्नियाचा रकाना पुन्हा बघितला.

मग त्यांनी मला विचारलं, तुझ्याकडे आत्ता काय फुललंय? मी म्हटलं, डाळिंब. माझा मोठा भाऊ सांगोल्याकडे शेती करतो, त्याची बाग अंबिया बहाराची आहे, याच दिवसांत फुलते. त्यांनी लगेच विचारलं, तिथं मधमाश्या कोण आणतं?

माझं बालपण त्याच रानात गेलं, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी म्हटलं, विचारून सांगते.

दादाला फोन केला तर तो चिडलेलाच होता. फूल बक्कळ लागलंय पण धरत नाही, सगळं गळून खाली पडतंय, म्हणाला. मधमाश्यांचं विचारलं तर म्हणाला, पूर्वी बोरीवर मोहोळं असायची, आता कुठं दिसत नाहीत. मी हे बाईंना सांगितलं. त्यांनी कसलाही उपदेश केला नाही. एवढंच म्हणाल्या की ऊन जरा वर आलं की बागेत जा, मधोमध उभी राहा आणि ऐक.

रविवारी मी एसटीनं गेले. दादा आणि वहिनी दोघंही बागेतच होते. झाडाखाली लाल फुलांचा सडा पडला होता. दुसऱ्या कुणी पाहिलं असतं तर किती सुंदर म्हणालं असतं. मी ओळींच्या मध्ये जाऊन उभी राहिले. ठिबकच्या नळीतून पाणी पडल्याचा आवाज येत होता. लांब कुठं तरी ट्रॅक्टर चालू होता. बाकी काहीच नव्हतं. एवढी फुलं होती, आणि त्यांच्यात काही हलत नव्हतं, काही वाजत नव्हतं. मी दादाला बोलावलं आणि म्हटलं, दादा, ऐक. त्यानं ऐकलं आणि म्हणाला, "काय ऐकू? कायबी न्हाय हितं." आणि म्हणता म्हणता त्यानं वर फुलांकडे बघितलं.

पेट्या भाड्यानं मिळतात हे वहिनीला माहीत होतं. तिच्या माहेरच्या बाजूला एकानं ठेवल्या होत्या. दादा आधी तयार नव्हता. त्याला भीती तेल्याची होती, म्हणजे डाळिंबावर काळे तेलकट डाग पडतात त्या रोगाची. पेट्यावाले फवारणी बंद करायला लावतात आणि एकदा तेल्या शिरला की बाग जाते. "माश्यांपायी मी बाग घालवू व्हय?" असं तो मला म्हणाला, आणि त्याचं चुकत होतं असं मला वाटलं नाही. शेवटी वहिनीनं मार्ग काढला. फवारायचंच असेल तर सूर्य मावळल्यावर, माश्या घरात गेल्यावर, आणि तेही अगदी गरज पडली तरच. माश्या शेजारच्या बागेतही जाणार, म्हणून दिवसा फवारू नका असं तिथल्या बागवाल्यालाही तिनंच जाऊन पटवलं.

पेट्या आणणारा माणूस राजस्थानचा होता. हिवाळ्यात तो तिकडं मोहरीच्या शेतांत असतो, मोहरी संपली की डाळिंबाकडे महाराष्ट्रात उतरतो, इथून पुढं सूर्यफुलाला कर्नाटकात जातो. त्याला हिंदी येत होतं आणि थोडं मराठी. मी त्या दिवशी मुद्दाम सुट्टी काढून आले होते. पहाटे टेम्पो आला, पेट्या बांधाच्या कडेनं मांडून झाल्या, आणि उजाडल्यावर त्यानं एकेका पेटीचं दार उघडलं. आम्ही तिघं लिंबाखाली लांब उभे होतो.

मला वाटलं होतं, दार उघडलं की माश्या थव्यानं बाहेर पडतील आणि फुलांवर जातील. तसं झालं नाही. एकेक माशी बाहेर आली, जरा उडाली, आणि मागं वळून पेटीकडे तोंड करून हवेत तरंगत राहिली. मग थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे, जरा वर. सगळ्याच तसं करत होत्या. प्रत्येक पेटीसमोर माश्यांचा एक पडदाच तयार झाला होता आणि सगळ्यांची तोंडं घराकडे होती. मी त्या माणसाला विचारलं, हे काय चाललंय? तो म्हणाला, जागा बघतायत. रात्री झोपल्या तेव्हा दुसऱ्या गावात होत्या. आता घर कुठं आहे ते आधी पाठ करणार, मगच कामाला जाणार.

वहिनीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. देवळात करतात तसं. ऊन चढत गेलं तशी त्या पडद्यातून एकेक माशी सुटत गेली आणि बागेत शिरली. थोड्या वेळानं आम्ही ओळींमध्ये गेलो. त्या आवाजाचं मला वर्णन करता येणार नाही. तो कुठून येतोय ते कळत नव्हतं, सगळीकडूनच येत होता, आणि पायाखालची जमीन गुणगुणतेय असं वाटत होतं. एका फुलात दोन-दोन माश्या घुसलेल्या, अंगभर पिवळा पराग. दादा एका फांदीशी वाकून बघत होता. त्याची सगळी उमर डाळिंबात गेली, आणि फुलात असं काही चाललेलं तो पहिल्यांदाच बघत होता. नंतर तो मला म्हणाला, "लई मोटं काम हाय गं हे. आन् आपल्याला पत्ताच न्हाय."

तोवर बाईंची दोन्ही विवरणपत्रं तयार झाली होती. आधी कॅलिफोर्नियाचं केलं, मग मोंटानाचं. बाहेरच्या राज्याचं आधी करावं लागतं, कारण तिथं किती कर बसला ते कळल्याशिवाय घरच्या राज्यात सूट मागता येत नाही. मोंटानाच्या विवरणात दोघांची नावं शेजारी शेजारी आली होती, पतीच्या नावापुढं ते गेल्याची नोंद. पुढच्या वर्षी तिथं एकच नाव असणार होतं. साहेबांनी तपासलं, बाईंना पाठवलं. त्यांनी सही करायच्या आधी मला निरोप दिला की एकदा बोलायचंय.

मला वाटलं काही चुकलं असेल. त्यांना फक्त डाळिंबाचं काय झालं ते विचारायचं होतं. मी म्हटलं, रविवारी मी बागेत असेन, तिथून फोन लावते. आमची सकाळ म्हणजे त्यांची संध्याकाळ; त्या म्हणाल्या, मी जेवून बसते.

त्या रविवारी मी बागेच्या मधोमध उभी राहून व्हॉट्सॲपवर फोन लावला. दादा आणि वहिनी शेजारी होते. मी बाईंना नमस्कार करून म्हटलं की मी आता बोलत नाही, तुम्ही ऐका. आणि फुलांनी लगडलेल्या एका फांदीजवळ फोन धरला.

पलीकडून काहीच येईना. मला वाटलं रेंज गेली. दादानं खूण करून विचारलं, फोन कटला का? मी स्क्रीन बघितला, फोन चालू होता. हात अवघडला तेव्हा वहिनीनं फोन माझ्या हातातून घेतला आणि तिनं धरला. आम्ही तसेच उभे होतो. खूप वेळानं बाईंचा आवाज आला.

"चांगल्या रुळल्यात," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "माझ्या नवऱ्याला हे ऐकायला हवं होतं."

मी त्याचं मराठी करून सांगितलं. वहिनीनं फोन तोंडाजवळ नेला आणि मराठीतच म्हणाली, "बाई, तुमी एकदा हिकडं या. आमच्या हितं या." बाईंना त्यातलं काय कळलं कुणास ठाऊक, पण त्या हो म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांची सही आली. दोन्ही राज्यांनी विवरणपत्रं स्वीकारल्याचा निरोपही लवकरच आला. आमच्या कामात तो निरोप रोज कितीदा तरी येतो आणि आपण तो बाजूला सारतो. त्या दिवशी मी तो पुन्हा वाचला. एक राज्य म्हणत होतं, तुमच्या माश्यांनी आमच्या जमिनीवर केलेलं काम आम्हाला मान्य आहे. दुसरं म्हणत होतं, तुमचं घर इथं आहे हे आम्हाला मान्य आहे. तसे शब्द त्यात नव्हते, पण मला ते तसेच वाचता येत होते.

बाईंनी पेट्या विकल्या नाहीत. मुलाच्या मनात अजून विकायचंच आहे, असं साहेब म्हणाले. दादाच्या बागेत फूल धरलं, गळ कमी झाली. सगळंच माश्यांमुळे झालं असं तो मान्य करत नाही. हवाही त्या साली चांगली होती, असं सांगतो. पण पेट्यावाल्याला पुढच्या बहाराचं त्यानं स्वतःहून विचारून ठेवलं.

पेट्या न्यायच्या दिवशीही मी गेले होते. दिवस मावळत होता, माश्या परतत होत्या. अंधार पडायच्या आत दारं बंद करायची होती. टेम्पो पुढं मंगळवेढ्यावरून कर्नाटकात जाणार होता, सूर्यफुलाच्या रानात. मी त्या माणसाला म्हटलं की अमेरिकेत असं असतं, ज्या राज्यात माश्यांनी काम केलं त्या राज्याला वेगळं विवरणपत्र द्यावं लागतं; आपल्याकडे तुम्हाला राजस्थान, महाराष्ट्र, कर्नाटक असं वेगवेगळं काही नाही, आयकराचं एकच विवरणपत्र पुरतं. त्यानं ते लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं की तिकडच्या पेट्या केवढ्या असतात, आणि जाळी कशी बांधतात.

टेम्पो भरून झाला. निघताना त्यानं एक छोटी पेटी उतरवून बांधावर ठेवली. दादानं विचारलं, ही राहिली का? तो म्हणाला, राहिली नाही, ठेवलीय. काही माश्या लांब गेलेल्या असतात, उशिरा येतात. घर होतं तिथं घर दिसलं नाही तर त्या रात्रभर तिथंच फिरत बसतात. आत राणी आहे, या पेटीत जातील. कर्नाटकातून परत जाताना उचलून नेतो.

टेम्पो गेल्यावर आम्ही जरा वेळ थांबलो. खरंच दोन-चार माश्या आल्या. पेट्या होत्या त्या जागेवर घोटाळल्या, मग त्या छोट्या पेटीच्या दाराशी उतरल्या आणि आत गेल्या. वहिनीनं सकाळी पेटीवर ऊन येऊ नये म्हणून बाजूला एक पत्रा उभा केला, त्याला दगड लावला, आणि आम्ही घराकडे निघालो.